विझवलेला राब

दर वर्षी फेब्रुवारीत आमच्या तरीच्या पाड्यातून एक टेम्पो निघतो. टेम्पो गिरीजच्या ॲन्सेल्मचा. एरवी त्यातून केळीचे घड बाजाराला जातात, पण त्या दिवशी तो छाटलेल्या फांद्यांनी खच्चून भरलेला असतो. वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर मांडी ठोकून बसलेला माझा काका, शत्रुघ्न. डोक्याला टॉवेल, हातात कोयता. वाटेत कुणी चुलीला म्हणून एक काटकी मागितली तरी तो कोयता वर करतो. पोरं मागे धावत "नवरी निघाली सासरला" म्हणून ओरडतात आणि काका त्यांना शिव्या देतो. त्या शिव्या मी इथे लिहीत नाही, कारण मी शाळेत शिकवते.

वाळक्या फांद्यांवर पहारा करणारा माणूस म्हणजे डोकं फिरलेला, असं पाड्यानं कधीच ठरवून टाकलंय. मीही एके काळी त्यातलीच होते. काकाबद्दल चांगलं बोलायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

मी मनाली, भरतची मुलगी. भरत थोरला, शत्रुघ्न धाकटा. आजोबांना चार मुलगे होतील अशी खात्री होती म्हणे, पण राम आणि लक्ष्मण ही नावं त्यांच्या भावानं आधीच आपल्या पोरांना लावून टाकली, म्हणून आमच्या वाट्याला उरलेले दोघे आले. हा विनोद काकाचा. बाबा विनोद करत नाहीत. बाबा गप्प बसतात, आणि त्यांचं गप्प बसणं काकाच्या शिव्यांपेक्षा जास्त लागतं.

आजोबा गेल्यावर वाटणी झाली. वरचा तुकडा घरामागे, विहिरीजवळचा. पोटापुरतं पिकणारा, साधा. खालचा तुकडा खाडीच्या बाजूला, गाळाचा, काळाभोर. त्या खालच्या तुकड्यावरून काका असा काही पेटला की पाच माणसांसमोर त्यानं बाबांना नाही नाही ते ऐकवलं. बापाच्या आजारपणात दादानं हात आखडता घेतला, आईचे दागिने वहिनीनं दाबले, काय वाटेल ते. माझ्या आईनं तिथेच अंगावरचं होतं नव्हतं ते काढून पुढे ठेवलं. बाबा म्हणाले, "दे त्याला खालचा." त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. मध्ये एक आंब्याचं झाड आणि दहा पावलांचं अंगण, पण मथुराकाकीच्या घरी काय शिजतंय ते आम्हाला वासावरून कळायचं, विचारायची सोय नव्हती.

बोलणं बंद होतं, बघणं बंद नव्हतं. आमच्याकडे झोडणी झाली की पेंढा रचून अंगणात उडवी घालतात, आणि कुणाचं किती पिकलं ते त्या उडवीच्या उंचीवरून सगळ्या पाड्याला कळतं. काकाची उडवी दर वर्षी आमच्याहून कमरेभर उंच. बाबा सकाळी दात घासताना त्या उडवीकडे बघायचे आणि चूळ जरा जोरात थुंकायचे.

नव्वदच्या सुमाराला पूर्वेकडे छोट्या कारखान्यांचे गाळे वाढले. लोखंडी वस्तूंना चकाकी देणारे, कसल्या कसल्या द्रवात भांडी बुडवणारे, दाराला पाटी नसलेले. त्यांचं पाणी नाल्यात आणि नाला काकाच्या खालच्या तुकड्याला खेटून खाडीत. कधी पाणी हिरवट यायचं, कधी पिवळं. पहिल्यांदा नाल्यातले निवटे मासे संपले, मग बांधावरचं गवत करपलं. नाल्याकडच्या वाफ्यांत भात पोटरीला येईना. काका सगळ्यांना सांगायचा, खत कमी पडलं. ज्या तुकड्यासाठी भावाला तोडलं तो तुकडा नासतोय, हे त्यानं स्वतःच्या बायकोलाही धड सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते ज्ञानदा मॅडमनी. त्या वसईला फ्लॅटमध्ये राहायच्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, माहेर साताऱ्याकडचं. नाल्याकाठची माती तपासत त्या काकाच्या बांधावर पोचल्या. तपासणीत कॅडमियम निघालं, निकेल निघालं. कॅडमियम भाताला फार लवकर चढतं, दाण्यात उतरतं, आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात जाऊन बसतं ते बाहेर पडत नाही, असं त्यांनी काकाला बांधावर उभं राहून सांगितलं. काकानं एकच प्रश्न विचारला, "हे दुसऱ्या कोनाला बोललाव?"

मॅडमचं म्हणणं होतं की माती खणून टाकणं कुणाच्या बापाला परवडणार नाही, पण इथलीच काही झाडं अशा मातीत तगतात आणि मुळांवाटे ते धातू थोडे थोडे वर ओढतात. खाडीकाठची भेंडीची झाडं, म्हणजे भाजीची भेंडी नव्हे, पत्त्यातल्या बदामासारख्या पानांचं आणि पिवळ्या फुलांचं झाड, करंज, कुंपणाचा पांगारा. दर हिवाळ्यात त्यांची छाटणी करायची आणि छाटलेलं शेताबाहेर न्यायचं. असं वर्षानुवर्षं. शिवाय मातीचा नमुना फक्त खणलेल्या जागेपुरतं सांगतो, झाडाची मुळं मात्र सगळीकडे हिंडून येतात, म्हणून प्रत्येक झाडाची पानं तपासली की कुठे किती विष आहे तेही कळतं. काकाला हे पटलं, कारण झाड खोटं बोलत नाही यावर त्याचा माणसांपेक्षा जास्त विश्वास होता. त्यानं नाल्याकडचा अर्धा तुकडा दिला आणि बदल्यात मॅडमकडून वचन घेतलं, की गावात हे वनीकरण म्हणूनच सांगायचं. पुढचा अर्धा, रस्त्यावरून दिसणारा, त्यानं भातालाच ठेवला.

झाडं तरारली. काकानं त्यांना नावं ठेवली. नाल्याला अगदी लागून असलेल्या भेंडीच्या पानांत सगळ्यात जास्त माल सापडला, म्हणून तिचं नाव सरपंच.

दोन हजार दोन साली पहिली मोठी छाटणी झाली. कॉलेजची मुलं आली, फांद्या तोलून गेली, पानं पाकिटांत भरून गेली. फांद्या न्यायच्या होत्या त्या जागी, जिथे कारखान्यांचा विषारी कचरा खाली जाड प्लॅस्टिक घालून पुरतात. पण तिथली परवानगी लटकली आणि मग ॲन्सेल्मचा टेम्पो गॅरेजात पडला. फांद्या बांधावर पडून राहिल्या. चैत्र गेला, वैशाखाच्या उन्हात त्या खडखडीत वाळल्या.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भाताची रोपं टाकण्याआधी जमिनीचा एक तुकडा भाजतात. शेणाचा थर, त्यावर झाडांच्या वाळलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, वरून बारीक माती, आणि वारा पडला की आग. ती धुमसत धुमसत जळते, तण मरतं, राख मातीत मुरते आणि त्यावर रोपं अशी उठतात की बघत राहावं. याला राब म्हणतात आणि त्यासाठी तोडलेल्या फांद्यांना कवळ. राबाशिवाय भात म्हणजे आमच्याकडे हळदीशिवाय लग्न. एकदा पेटलेला राब विझवायचा नसतो. विझवला तर त्या घरचं पीक विझतं, असं आजी सांगायची आणि सगळा पाडा मानायचा.

त्या वर्षी कवळाची बोंब होती. डोंगरावर फांद्या तोडायला जंगलखात्यानं मनाई केलेली, आमच्या बांधावरची झाडं आधीच बोडकी. बाबांनी विहिरीजवळच्या वाफ्यावर शेण पसरून ठेवलं होतं आणि वर घालायला धड चार भारे नव्हते. आणि आमच्या विहिरीवरून, पाणी काढताना रोज, काकाच्या बांधावरचा तो वाळका ढीग दिसायचा.

काका आगाशीला एका लग्नाला गेला होता. मथुराकाकी गुडघ्यांमुळे घरीच होती. आई घागर विहिरीवर ठेवून सरळ आंब्याखालून पलीकडे गेली. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत आईनं ती सावली ओलांडली नव्हती.

"मथुरा," आई म्हणाली, "कवल नाय गो आमच्याकरं. तुमचा परलाय तो कामाचा हाय?"

काकीला जमीन बिघडल्याचं माहीत होतं. पण फांद्यांचं काय ते काकानं तिला कधी सांगितलं नव्हतं; या विषयावर तो घरात तोंडच उघडत नसे. तिच्या हिशेबी कॉलेजवाले आले, तोलून गेले, त्यांचं काम झालं. आता वाळलेल्या फांद्या उन्हात पडू द्यायच्या आणि दारात आलेल्या थोरल्या जावेला नाही म्हणायचं? तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ने वयनी, ने. सगला ने."

आम्ही दुपारभर भारे वाहिले. मीसुद्धा वाहिले, डोक्यावर चुंबळ ठेवून, आणि खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला होता की मानेचं दुखणं कळलं नाही. बाबा शेतावरून आले तेव्हा वाफा पार भरलेला. त्यांनी विचारलं, कुणाचा? आईनं सांगितलं. बाबा विहिरीच्या कठड्यावर बसले.  मग म्हणाले, "मंग त्याचा बी पन ह्याच राबावर परल. मथुरेला सांग, बियाची टोपली घेऊन ये."

निरोप घेऊन मीच गेले. काकी रडली, आणि डोळे पुसत पुसत आतून विकतचं बियाणं घेऊन आली. ऊन कलेपर्यंत अर्धा पाडा आमच्या विहिरीजवळ जमला. दोन भाऊ इतक्या वर्षांनी एका राबावर येणार, ते बघायला कोण येणार नाही? बाबांनी नारळ ठेवला, शेजारी पाण्याची कळशी, आणि झावळीची चूड वळून तयार ठेवली. वारा पडायची आणि काका यायची वाट बघत सगळे बसले.

काका दोन बस बदलून आला. लग्नातले कपडे, पांढरा झब्बा, खांद्यावर नवा टॉवेल. काकीनं त्याला दारातच गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. मी अंगणातून बघत होते. वाटलं होतं काका लाजेल, कुरकुरेल, मग येईल.  तो चपला न घालता धावत सुटला.

बाबांनी त्याला येताना पाहिलं आणि उठून उभे राहिले. त्यांनी चूड पेटवली आणि त्याच्यापुढे धरली.

"ये. तुजीच वाट बगत होतू. घे, तू पेटव."

राब थोरल्यानं पेटवायचा. धाकट्याच्या हाती चूड देणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. काकाला सगळ्यात जास्त कळत होतं. त्याला धाप लागली होती, हात पुढे आला आणि तसाच थांबला.

"दादा, आज नको. ओला हाय तो."

"ओला? चैत-वैशाखाचा ऊन खाल्लाय त्यानं."

"कॉलेजचा हाय. मोजायचा र्‍हायलाय."

"मोजून झालाय," आई म्हणाली. "मथुरानंच सांगितलान."

"तरी नको. मी तुना दुसरा आनून देतू. उद्याच आनतू."

कुणीतरी मागे खोकलं. बाबांचा चेहरा बदलताना मला दिसला. आधी ओठ मिटले, मग कपाळाची शीर वर आली. त्यांनी आवाज चढवला नाही.

"दिलेला परत मागतंस," ते म्हणाले. "वाटनीच्या येलेलापन तुजा हाच होता. तवा आईच्या अंगावरचा मोजलास, आज माज्या राबावरचा मोजतंस."

काका फांद्यांकडे बघत राहिला. बोलला असता तर काय बोलायचं होतं ते मला आता कळतं. त्याला सांगावं लागलं असतं की ज्या तुकड्यासाठी मी तुझी अब्रू पाच माणसांत काढली, तो तुकडा विषारी झाला. आणि ते ऐकून सगळ्या पाड्यानं मनात म्हटलं असतं, देवानं बरोबर न्याय केला. त्यापेक्षा त्याला पाण्यात उडी मारायला सांगितलं असतं तर ते सोपं गेलं असतं.

बाबांनी वाट बघितली नाही. वळले आणि चूड वाफ्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्याला लावली.

पालापाचोळा भुर्रकन पेटला. भेंडीच्या वाळक्या पानांनी आग धरली आणि धूर जमिनीलगत पसरायला लागला. काका आत घुसला. पेटत्या फांद्या हातांनी ओढून बाहेर फेकायला लागला, टॉवेलनं ज्वाळा झोडायला लागला. बायका ओरडल्या. दोघा-तिघांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं तर त्यानं एकाला ढुशी मारली. तो पुन्हा आत शिरला, आणि या वेळी झोडायला नाही. वाफ्याच्या मधोमध, कवळाच्या ढिगावर जाऊन उभा राहिला.

"उतर," बाबा म्हणाले.

"नाय उतरनार."

"शत्रुघन, आग सरकते. उतर."

"मी हतंच उबा हाय. तुना पेटवायचा तर पेटव."

कोपऱ्यातली आग धुमसत त्याच्याकडे येत होती. राबाची आग घाई करत नाही, पण थांबतही नाही. मथुराकाकी त्याच्याकडे जायला निघाली तशी आईनं तिला कमरेला धरलं. मला वाटलं, हा माणूस हट्टापायी आमच्या डोळ्यांदेखत भाजून घेणार आणि जन्मभर आमच्या घरावर ते राहणार. मला त्याचा इतका राग आला की मीच जाऊन त्याला खाली खेचावं असं वाटलं. बाबांच्या हातात चूड अजून पेटती होती. ती दुसऱ्या कोपऱ्याला लावायला ते वाकले, आणि तेव्हा काका बोलला. ओरडला नाही. बाजारात भाव सांगावा तसा साध्या आवाजात बोलला.

"दादा, ह्या फांद्यांत इख हाय. माज्या जमिनीतला. गाल्यांच्या पान्यानं आनलेला. ती झारा मी त्यासाठीच लावलीत, जमिनीतला वर ओढाला. फांदी जलल, तो इख राखंत र्‍हाल. राख तुज्या मातीत मुरल, मातीतनं रोपांत, रोपांतनं वरच्या सगल्या शेतात. मंग तुजी पोरा तेच खातील. माजी जमीन जेली, दादा. तुजी तरी र्‍हाऊ दे."

 नुसता पानांचा तडतड आवाज. मग गर्दीतून एक जण हसला. "जमीन जेली तर एवरी मोठी उडवी कशी र लागतं तुजी?"

काकानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो बाबांकडेच बघत होता.

"पिकतं तो दाना मी खड्ड्यात पुरतंय. मॅडमनं सांगितला तवापासना एक दाना घरात नेला नाय, इकला नाय. त्या उडवीतली एक पेंढी गुराच्या तोंडाला लावली नाय. गाय कवाच इकली. उडवी रचतंय ती तुना दिसावी म्हनून."

त्याच्या झब्ब्याच्या बाहीला काळी भोकं पडली होती आणि तो ती बाही दुसऱ्या हातानं चोळत होता, जणू डाग जाईल.  मी आजवर ज्या उडवीचा मत्सर केला ती रचताना हा माणूस एकटा, नांगरून, लावून, कापून, झोडून, मग दाणा पुरून, पेंढा रचत होता. कशासाठी, तर सकाळी दात घासताना भावाला आपला पराभव दिसू नये म्हणून.

सगळे बाबांकडे बघत होते. मीही बघत होते, आणि मला भीती वाटत होती. वर्षानुवर्षं साठवलेलं बोलायला याहून चांगली वेळ त्यांना मिळाली नसती. आजीच्या दागिन्यांचं, आजोबांच्या आजारपणाचं, सगळं. ते एक शब्द बोलले असते तरी काका तिथून उतरून परत कधी कुणाला दिसला नसता, असं मला आजही वाटतं.

बाबांनी विचारलं, "मंग खातंस काय?"

काकाला प्रश्न कळला नाही. 

"तू न मथुरा," बाबा म्हणाले. "खाताव काय?"

"दुकानातला," काका म्हणाला. आणि तिथे त्याचा आवाज फुटला.

बाबांनी चूड मातीत खुपसून विझवली. नारळाशेजारची कळशी उचलली, पेटलेल्या कोपऱ्यापाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत ती राबावर ओतली. एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बगत काय र्‍हायलीस? पानी ओढ."

मी विहिरीतून पाणी ओढलं, आईनं ओढलं, काकीनं गुडघ्यांचं दुखणं विसरून ओढलं. आग विझली. गर्दी मात्र पांगली ती वेगळ्याच रागानं. आमच्या पाड्याच्या बायका वसईच्या बाजारात तांदूळ आणि भाजी विकायच्या, आणि आता हे बाहेर पडलं तर आपला माल कोण घेणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता. एकानं जाताना काकाला ऐकवलं, की एवढी वर्षं गप्प होतास तर आजही गप्प बसायचं. त्या वर्षी कितीतरी घरांनी काकाला लग्नालाच काय, मयतालासुद्धा बोलावलं नाही. पुढे तेच लोक आपापल्या बांधावरची पानं घेऊन ज्ञानदा मॅडमकडे गेले, कारण प्रत्येकाला गुपचूप जाणून घ्यायचं होतं. ज्यांची निघाली चांगली त्यांनी मिरवलं. ज्यांची वाईट निघाली ते संध्याकाळी काकाच्या ओट्यावर येऊन बसायला लागले, आणि काका त्यांना भेंडीची रोपं आणि शिव्या दोन्ही द्यायचा.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळीच धावत आल्या. जळका कोपरा हातभर खणून काढायला लावला, ती माती आणि राख गोण्यांत भरली. विहिरीचं पाणीही नेलं तपासायला. निकाल येईपर्यंत बाबा त्या विहिरीचं पाणी कुणाला पिऊ देईनात. निकाल बरा आला. काकीला मॅडमनी फांद्यांचं सगळं पहिल्यापासून समजावलं तेव्हा काकी एवढंच म्हणाली, की हे मला घरातल्या माणसानं सांगायला हवं होतं. मॅडम खाली बघायला लागल्या आणि काका गोठ्याच्या मागे निघून गेला. तेव्हापासून तो टेम्पोवर बसतो. स्वतः बसतो, कुणाला सांगत नाही की तू बस.

माझं सांगणं पुढे गेलं. त्या संध्याकाळचं अजून राहिलंय.

गर्दी गेल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून वाफ्यावरचे भारे परत बांधले. काकाच्या दोन्ही तळहातांवर फोड आले होते, तरी तो ऐकेना. शेवटची काटकी उचलून होईपर्यंत अंधारून आलं. वाफा नागडा झाला, नुसतं शेण आणि एका कोपऱ्यात चिखल. काका त्या चिखलाकडे बघत उभा राहिला.

"आथा तुजी रोपा कशी येतील, दादा?"

"पिवली येतील," बाबा म्हणाले. "येऊ दे."

मग ते घरात गेले. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीवर आमच्या वरच्या तुकड्यातल्या तांदळाची गोण होती. वाकलेले, एक हात कमरेवर. मी धरायला पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. आंब्याखालून ते पलीकडे गेले, काकाच्या दारात गोण उतरवली आणि तिला टेकून तिथेच पायरीवर बसले.

"मथुरा," त्यांनी आत हाक मारली, "आदन ठेव. मी पन जेवनार हाय."

काकीनं भात केला. दुसरं काही नव्हतं, नुसतं मीठ आणि लग्नातून आलेलं लोणचं. काकाच्या हातांना फोड होते, त्याला घास धरता येईना. बाबांनी ताट स्वतःकडे ओढलं, भात कालवला, आणि लहान पोराला भरवावं तसं त्याला भरवलं. काका खाली मान घालून खात होता. तिसऱ्या की चौथ्या घासाला तो म्हणाला, "आपल्या विहिरीवरचा हाय ना?"

"हां," बाबा म्हणाले. "खा."